अर्ज आणि उत्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जुनवानी येथे दिलेले भाषण)



 मी साहित्यिक नव्हे, विचारवंत नव्हे आणि कायद्याचा पदवीधरही नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला, तीस-बत्तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढलेला आणि आता निवृत्तीचे दिवस मोजू लागलेला एक साधा माणूस आहे. आपल्या चिटणीसांनी मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा मनात आले की, ज्या वस्तूशी आपला रोजचा संबंध आला तिच्याविषयीच बोलावे. ती वस्तू म्हणजे अर्ज. त्यातही खाणीचा हक्क मागणारा अर्ज.

विषय रुक्ष आहे, हे मी आधीच कबूल करतो. परंतु भिलाईत राहणाऱ्या माणसाला तो परका म्हणता येणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर-भंडाऱ्याकडून, वऱ्हाडातून, पुण्या-सातारकडून आपले वडीलधारे पोटापाण्यासाठी येथे आले ते त्या भट्टीच्या ओढीने. आपल्या घरातली चूल त्या भट्टीवर पेटली आणि ती भट्टी दल्ली-राजहराच्या डोंगरातल्या दगडावर पेटली. तो दगड डोंगरातून काढण्यापूर्वी कोणीतरी कोणाकडे तरी रीतसर परवानगी मागितलेली असते. त्या मागण्याची आणि त्याला मिळणाऱ्या उत्तराची ही कथा आहे.

या कथेचा आरंभ आपल्याच चांद्यात होतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, हे आपण जाणता. पुढे १८८२ च्या सुमारास चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नाही, असे त्यात म्हटले होते. जमशेटजींच्या मनात पोलादाचे स्वप्न रुजले. परंतु वरोऱ्याचा कोळसा कामाचा निघाला नाही आणि खनिजाचा शोध घेण्याच्या परवान्याचे तत्कालीन सरकारी नियमही इतके जाचक होते की, शहाण्या माणसाने त्यात पैसा घालू नये. स्वप्न बाजूला पडले, ते जवळजवळ सतरा वर्षे! १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत खनिज-सवलतींचे नियम सैल झाले. १९०० च्या सुमारास जमशेटजी लंडनला भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले आणि मग कोठे काम पुढे सरकले.

त्यानंतरचा प्रसंग मोठा मनोहर आहे. चांद्याच्या खनिजाचा शोध घेऊनही ते विखुरलेले निघाले. तो शोध आपण सोडत आहोत हे कळवायला जमशेटजींचे पुत्र दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्यांची गाठ पडायला अवकाश होता. वेळ घालवायचा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक तुकडा लोहखनिजाच्या खुणेने गडद रंगवलेला होता. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी पूर्वीच त्या भागाची पाहणी करून ठेवली होती. दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी वेल्ड दुर्गकडे वळले आणि दल्ली-राजहराच्या डोंगरावर उभे राहिले. खनिज अप्रतिम होते. पण कोळसा व पाणी यांची सोय नव्हती. पुढे याच बोसबाबूंच्या १९०४ मधील पत्रामुळे टाटा मयूरभंजकडे गेले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. राजहराचा डोंगर मात्र आणखी अर्धशतक भिलाईची वाट पाहत राहिला.

हा इतिहास मी करमणुकीसाठी सांगितला नाही. जमशेटजींसारख्या धनाढ्य, थेट भारतमंत्र्यांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या माणसाची सतरा वर्षे जेथे नियमांच्या जाचात आणि वरिष्ठांच्या मर्जीची वाट पाहण्यात जातात, तेथे सामान्य अर्जदाराची काय कथा? त्या काळी परवानगी ही सरकारची कृपा होती. कृपा करणाऱ्याला कारण विचारायचे नसते. राज्य आपले झाले, राज्यघटना आली आणि मग प्रश्न उभा राहिला की, खनिज राष्ट्राचे असेल, देणे न देणे सरकारच्या हाती असेल, तरी मागणाऱ्याचा काही हक्क उरतो की नाही?

माझ्या अल्पमतीप्रमाणे प्रशासकीय कायदा नावाची जी विद्या आहे, तिचे अर्धे सार या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. अर्जदाराला खाण मिळण्याचा हक्क नसतो. परंतु त्याला उत्तर मिळण्याचा हक्क असतो.

१९५७ मध्ये संसदेने खाणी व खनिजे यांविषयीचा अधिनियम केला. तो १ जून १९५८ पासून अमलात आला. त्याखाली १९६० मध्ये खनिज-सवलत नियम झाले. लोखंड, मँगनीज यांसारख्या महत्त्वाच्या खनिजांचा खाणपट्टा राज्य सरकारने द्यावयाचा, पण त्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावयाची. एकाच जागेसाठी अनेक अर्ज आले तर सामान्यतः आधी आलेल्याला अग्रहक्क. नंतरच्याला द्यावयाचे असेल तर त्याची विशेष कारणे लेखी नोंदवावयाची. आणि राज्याच्या निर्णयाने कोणी दुखावला तर त्याने केंद्राकडे पुनरीक्षणासाठी दाद मागावयाची, अशी ही साधारण घडी होती. या नियमांतील सव्विसावा नियम माझ्या मनात कायमचा कोरला गेला आहे. त्याचा आशय असा: अर्ज नाकारावयाचा असेल तर सरकारने अर्जदारास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, नकाराची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती कारणे अर्जदाराला कळवावीत. ऐकणे, लिहिणे आणि कळवणे. तीनच क्रियापदे आहेत. पण राज्यकारभारातील सारी सभ्यता त्यांत सामावलेली आहे.

हा नियम मी पाठ कसा केला, ते सांगतो. सांगताना संकोच वाटतो. तथापि पन्नाशी उलटल्यावर माणसाने आपल्या चुका चार आप्तांपुढे कबूल कराव्यात.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण चूक माझी होती. नामंजूर झालेल्या अर्जांविरुद्ध जे लोक दाद मागत, त्यांच्या कागदांवर प्राथमिक टिपणी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ढीग मोठा असे. 'हस्तक्षेप करण्याजोगे सबळ कारण दिसत नाही' हे वाक्य मला इतके सवयीचे झाले होते की, लेखणी ते आपोआप लिहून टाकी.

एके दिवशी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. पूर्व विदर्भातले होते. मुक्काम करत करत एवढ्या लांब आले होते. माझे आडनाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली. ''साहेब, तुम्ही आपल्याकडचे काय?'' त्यांनी विचारले. मी हो म्हणालो आणि त्यांना बसायला सांगितले. स्वतःच्या शेताला लागून असलेल्या माळावर पांढऱ्या गारगोटीचा दगड होता. तेवढ्या तुकड्याच्या खाणपट्ट्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. 'कागदपत्रे अपुरी' एवढ्या दोन शब्दांत तो नाकारला गेला. त्याविरुद्ध त्यांनी दाद मागितली, तीही फेटाळली गेली. त्या फाइलवरील टिपणी माझ्या हातची होती.

ते म्हणाले, ''साहेब, जागा देऊ नका. देणं न देणं सरकारच्या हातात. पण का नाही दिली, एवढं सांगा. घरी गेल्यावर पोराले काय सांगू?''

मी फाइल मागवली. बरेच पान उलटल्यावर समासात पेन्सिलीने केलेली एक बारीक खूण सापडली. खाणबाकी नसल्याचा दाखला जोडलेला नव्हता, एवढेच काय ते वैगुण्य होते. आता गंमत अशी की, या गृहस्थांनी जन्मात कधी खाण घेतलेली नव्हती. ज्याच्याकडे खाणच नाही त्याची बाकी कोठून असणार? अशा माणसाने साधे प्रतिज्ञापत्र दिले तरी नियमाने पुरेसे होते. शिवाय अर्जात काही उणीव असेल तर ती दूर करण्यासाठी नोटीस देऊन अवधी द्यावा, असेही नियमात होते. नोटीस दिली गेली नव्हती. यांतले काहीही टिपणी लिहिताना माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी समास वाचलाच नव्हता.

मी त्यांना खरे ते सांगितले. वाटले, आता हे संतापतील. ते संतापले नाहीत. ''असं होय!'' म्हणाले. ''मग तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर दहा रुपयांच्या कागदावर लिहून दिलं असतं.'' मी मागवलेला चहा त्यांनी घेतला, पिशवी उचलली आणि नमस्कार करून गेले. मी माझ्या वरिष्ठांकडे धावलो. पण आदेश निघून गेला होता आणि तो माळ एव्हाना दुसऱ्या कोणाच्या नावे झाला होता. सर्व काही यथास्थित झाले असते तरी कदाचित त्यांना तो पट्टा मिळाला नसता. ते मी जाणतो. परंतु न मिळण्याचे कारण त्या माणसाला वेळीच कळले असते आणि एवढा प्रवास वाचला असता. 'पोराले काय सांगू' हे शब्द आजही कधीकधी रात्री माझ्या कानांत येतात.

आता आपण म्हणाल, हा एका कारकुनी मनाचा हळवेपणा झाला. कायदा काय म्हणतो? कायद्यालाही हे उत्तर सहजासहजी सापडलेले नाही. त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे आणि त्यात आपल्या ओळखीची माणसेही भेटतात.

पहिला टप्पा मुंबईचा. अंधेरीला सिनेमागृह बांधण्यासाठी गोरधनदास भानजी यांना पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि नंतर सरकारच्या सांगण्यावरून ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये सांगितले की, कायद्याने ज्याच्यावर निर्णय सोपवला त्याने तो स्वतःच्या बुद्धीने करावा, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. आणि आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लावावयाचा, 'माझ्या मनात असे होते' या मागाहूनच्या खुलाशावरून नव्हे. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या न्यायालयातून दिल्लीला गेलेले.

दुसरा टप्पा थेट खाणींचा. शिवजी नथुभाई या खाणपट्टेदाराच्या पट्ट्यांविषयीचा राज्याचा निर्णय केंद्राने त्याला न ऐकताच फिरवला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अशा दादीवर निर्णय देणारे केंद्र सरकार अर्धन्यायिक काम करत असते. तेव्हा ज्याचे नुकसान व्हावयाचे आहे त्याला ऐकल्यावाचून त्याच्याविरुद्ध निर्णय देता येणार नाही. 'ऐकणे' या क्रियापदावर अशी मोहोर उमटली.

'लिहिणे' हे क्रियापद मात्र वादात सापडले. १९६५ मध्ये मध्य प्रदेश इंडस्ट्रीज या कंपनीच्या खाणपट्ट्याचा तंटा तीन न्यायमूर्तींपुढे आला. केंद्राने दाद फेटाळताना कारणे दिली नव्हती. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या मते कारणे देणे हा अशा अधिकाराचा अविभाज्य भाग होय. उलट न्यायमूर्ती बच्छावत आणि अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांना वाटले की, खालचा निर्णय सकारण असेल आणि वरच्याने तो कायम केला असेल, तर पुन्हा कारणे लिहिण्याची सक्ती नको. मी स्वतः फायलींचे ढीग उपसलेला माणूस असल्यामुळे या दुसऱ्या मतातील व्यवहार मला कळतो. प्रत्येक कागदावर निबंध लिहीत बसले तर कारभार चालायचा कसा? परंतु त्यातला धोकाही मला माझ्या अनुभवाने कळला आहे. खालच्याने दोन शब्द लिहावेत, वरच्याने 'सहमत' म्हणावे आणि कारण मात्र कोणीच लिहू नये, असे होते.

दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, भगत राजा यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा धोका ओळखला. आंध्र प्रदेशातील एका खाणपट्ट्यासाठी स्पर्धक अर्जदार होते. केंद्राने ठराविक साच्याच्या चार ओळींत दाद फेटाळली होती. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: केंद्राच्या निर्णयाविरुद्ध नागरिकाला न्यायालयात येण्याचा मार्ग राज्यघटनेने दिला आहे, पण निर्णयात कारणच नसेल तर न्यायालयाने तपासावयाचे काय? खालच्या आदेशातली कारणे त्रोटक वा संदिग्ध असतील, तर केवळ 'कायम' म्हणून भागणार नाही. माझ्या त्या सवयीच्या वाक्याचा निकाल मी नोकरीत येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधी लागलेला होता. मलाच तो ठाऊक नव्हता.

आता काळाविषयी दोन शब्द. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. खाणींच्या नियमांत तर एके काळी याहून मौजेची तरतूद होती. ठरलेल्या मुदतीत सरकारने अर्जाचा निकाल लावला नाही, तर तो नाकारला गेला असे मानावयाचे! याला मानीव नकार म्हणत. सही नाही, तारीख नाही, कारण नाही; केवळ मौन हाच नकार. अर्जदाराला निदान वर दाद मागता यावी, हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण मौनाची कारणे तो कोणाला विचारणार? पुढे ही तरतूद गेली आणि मुदती आखल्या गेल्या.

विलंबाची दुसरी बाजूही आहे. तामिळनाडूतील काळ्या ग्रॅनाइटविषयीच्या हिंद स्टोन प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अर्ज पडून राहिला म्हणून अर्जदाराचा हक्क तयार होत नाही. निर्णयाच्या दिवशी जो नियम असेल तोच लागू होईल. त्याच वेळी, अर्जांचा निकाल वाजवी मुदतीत लागला पाहिजे, हेही न्यायालयाने बजावले. वाट पाहिल्याने खाण मिळत नाही. म्हणूनच निष्कारण वाट पाहायला लावणे हा अधिक मोठा अन्याय आहे.

येथवर मी नकाराविषयी बोललो. परंतु होकारालाही कारण हवे असते, हे आपण गेल्या काही वर्षांत फार मोठी किंमत देऊन शिकलो. नकार मिळालेला माणूस निदान तक्रार तरी करतो. होकार मिळालेला कशाला करील? तेथे नुकसान होते ते साऱ्या समाजाचे. १९९३ पासून कोळशाचे साठे छाननी समितीमार्फत वाटण्यात आले. २०१४ मध्ये सरन्यायाधीश लोढा यांच्या पीठाने ही सारी पद्धत मनमानी ठरवली आणि २१८ पैकी २१४ वाटप रद्द केली. याला दिले आणि त्याला नाही, याची सुसंगत कारणे कागदावर सापडत नव्हती.

गोव्याची कथा आपल्या अधिक जवळची. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे मानल्या गेल्या. त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. पुढे नवा केंद्रीय कायदा दारात उभा असताना राज्याने मोठ्या घाईने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ती सर्व नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यास खाणी थांबल्या. त्यामुळे ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्या घरांचे किती हाल झाले, हे डिचोली-सांगेकडचे कोणी आप्त असतील तर आपल्याला ठाऊक असेल. नियम सोडून दिलेला होकार असा उलटतो आणि त्याचा घाव सही करणाऱ्यावर न पडता त्या सहीवर विसंबलेल्या गरिबावर पडतो.

१२ जानेवारी २०१५ पासून कायदाच बदलला. प्रमुख खनिजांचे खाणपट्टे आता सामान्यतः लिलावाने दिले जातात. शासकीय कंपन्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आणि जुने, पडून असलेले अर्ज काही अपवाद वगळता बाद ठरले. आधी आला त्याला अग्रहक्क ही रीत गेली. लिलावात निदान आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु लिलाव झाला म्हणजे प्रशासनाचे कारण देण्याचे काम संपले, असे कोणी समजू नये. कोणता डोंगर लिलावात काढावयाचा आणि कोणता राखावयाचा, अटी कोणत्या, वनजमिनीचे काय, हे सारे निर्णय माणसांनाच करावयाचे असतात.

आणि येथे मला अशा माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते, जो अर्जदार नसतोच. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासीने खाणीसाठी कधी अर्ज केलेला नाही. तरी निर्णयाने सर्वांत जास्त बदलते ते त्याचे आयुष्य. 'ऐकणे' या क्रियापदात त्याचा समावेश व्हायला फार वेळ लागला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस आवश्यक केली. २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले आणि निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. छत्तीसगढचे पेसा नियम २०२२ मध्ये आले. आपली चूल राजहराच्या दगडावर पेटली, असे मी आरंभी म्हणालो. त्या दगडाच्या मूळ शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे हे आपल्यालाही लागू असलेले ऋण आहे. आपण येथे बाहेरून आलो, या भूमीने आपल्याला पोटाशी धरले, हे पन्नास वर्षांच्या आनंदात विसरता कामा नये.

आता आपल्या घरचा विचार करू. आपल्यापैकी फार थोडे लोक खाण मागायला जातील. पण अर्ज तर आपण सारेच करतो. मुलाच्या रहिवासी दाखल्यासाठी, जातीच्या प्रमाणपत्रासाठी, वडिलांच्या निवृत्तिवेतनासाठी, विधवा बहिणीच्या हक्कासाठी. परप्रांतातल्या माणसाचा अर्ज तर दोन राज्यांच्या दारांत फिरतो. हे म्हणतात तिकडे जा, ते म्हणतात इकडे या. अशा वेळी आपली माणसे एक तर ओळख शोधतात, नाही तर नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. माझे सांगणे एवढेच की, या दोहोंच्या मधला एक सरळ रस्ता आहे. अर्जाची नक्कल ठेवा. पोच घ्या. मुदत किती, ते विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा, आणि दाद मागण्याची मुदत उलटू देऊ नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात एक लहानसे वाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रशासकीय वा अर्धन्यायिक निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे तेथे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. सव्विसाव्या नियमाने खाण मागणाऱ्याला जे दिले, ते आता दाखला मागणाऱ्यालाही मिळाले आहे.

या सभागृहात माझ्यासारखेच नोकरीतले अनेक जण आहेत. कारखान्यात, बँकेत, रेल्वेत, शाळेत. आपल्या टेबलावरही कोणाचे तरी अर्ज येतात. कोणाची रजा, कोणाची बदली, कोणाचे कर्ज. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, नाही म्हणावे लागले तर जरूर म्हणा. 'नाही' म्हणणे हा गुन्हा नाही. राज्य चालवायचे तर कित्येकदा ते म्हणावेच लागते. रामशास्त्र्यांचे नाव आपण आजही आदराने घेतो ते ते नेहमी होकार देत म्हणून नव्हे. राघोबादादांसारख्या सत्ताधीशाच्या तोंडावर त्यांनी निर्णय सांगितला आणि तो का, हेही सांगितले. आपल्याला तेवढ्या धैर्याची गरज पडणार नाही. समोरच्या साध्या माणसाला एक वाक्य अधिक लिहिण्याइतकी तसदी घेतली तरी पुरे. मंडळाच्या कार्यकारिणीलाही हा नियम लागू आहे. मात्र गणेशोत्सवातील नाटकात एखाद्याची भूमिका नाकारताना कारण लेखी द्यावे की नाही, याचा निर्णय मी दिग्दर्शकाच्या विवेकावर सोडतो.

बंधुभगिनींनो, त्या वृद्ध गृहस्थांना मी पुन्हा कधी भेटलो नाही. त्यांच्या मुलाला त्यांनी घरी गेल्यावर काय सांगितले असेल, हे मला माहीत नाही. त्या दिवसानंतर मात्र कोणत्याही अर्जावर नकाराची टिपणी लिहिण्याआधी मी फाइलचा समाससुद्धा वाचतो, आणि मग स्वतःला विचारतो की, हा माणूस घरी जाऊन काय सांगेल? त्या प्रश्नाचे सरळ उत्तर माझ्या टिपणीत नसेल, तर ती टिपणी पुरी झालेली नसते.

मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत येथील मराठी माणसाची हाक ऐकली आणि तिला उत्तर दिले. पुढील पन्नास वर्षांतही ते असेच ऐकत आणि उत्तर देत राहो, अशी श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना करतो.